उलट उत्तर

४ फेब्रुवारी

छत्तीस वर्षं दुसऱ्यांचा ताप आणि नाडी लिहिली, आता स्वतःचं लिहायला वही. सुनेने आणून दिली. म्हणाली, "आई, दिवसभर आमच्यावर चिडता ना, ते जरा यात चिडत जा." सून आमच्या समाजातली नाही, त्यामुळे तिला भीडभाड नाही. पण वही चांगली आहे, कागद जाड आहे.

चिडायला कारण आजच मिळालं. शिक्षण खात्याचं पत्र आलं. आमच्या बोलीचा शाळेत आठवड्याला एक तास असावा म्हणून आमचं मंडळ तीन वर्षं अर्जावर अर्ज करतंय. आता म्हणतात, वीस एप्रिलला तपासनीस बाई येतील. त्यांच्यासमोर किमान आठ मुलांनी बोलीत आपणहून बोललं पाहिजे, पाठांतर चालणार नाही. आठ बोलली तर तास आणि वर्गखोली. नाही बोलली तर 'ही बोली मुलांच्या वापरात नाही' अशी नोंद करून फाइल बंद. अशा नोंदी मी वॉर्डात खूप केल्यात. त्यानंतर कुणी त्या खाटेकडे फिरकत नाही.

मंडळाच्या बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. बोली घडाघडा बोलणारे आम्ही त्रेचाळीस उरलोय, सगळे साठीच्या पुढचे. शेवटी रंगारी म्हणाला, "मेट्रनला द्या. तिच्या वॉर्डात पेशंट मरायलासुद्धा घाबरायचे." सगळे खो खो हसले. हा रंगारी माझ्याच लहानपणच्या गल्लीतला. गुडघे गेले म्हणून भिंती रंगवणं सुटलं, तोंड काही सुटलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी शिकवीन. कुणीतरी करायला हवंच.

ही वही शाळेतल्या मोठ्या भाषेतच लिहितेय, कारण बोलीला लिपी नाही. म्हणजे बोलीसाठी जे करायचं ते सगळं परक्या अक्षरांत. असो.

११ फेब्रुवारी

पहिला वर्ग. टायरच्या दुकानावरची मंडळाची खोली, रबराचा वास, सहा बाकं, एक फळा. अकरा मुलं आली. त्यात माझी नात. ती अकरा वर्षांची, माझ्या हाताखाली वाढलेली, त्यामुळे वळण बघून घ्यावं. मी आत शिरले तशी सगळी ताडकन उभी राहिली. बरं वाटलं.

मी बोलीत विचारलं, नाव काय, घरी कोण कोण? पटापट उत्तरं आली, पण मोठ्या भाषेत. म्हणजे समजतं सगळं. "बोलीत सांगा," म्हटलं की माना खाली. एक सात वर्षांचा आहे, पुढचे दोन दात पडलेला. त्याने तोंड उघडलं आणि "आजी, तू..." अशी बोलीत सुरुवातही केली. मी नुसतं बघितलं. तो बसला. पोरगं गुणी आहे, सांगावं लागत नाही.

आमच्यात रीतच आहे तशी. बोली थोरांनी धाकट्यांशी बोलायची, नाहीतर बरोबरीच्यांनी आपापसांत. धाकट्याने थोरांना उत्तर द्यायचं ते मोठ्या भाषेत. बोलीत दिलं की ते उलट उत्तर, मग शब्द कितीही गोड असोत. आजकाल कुठे राहिल्यात असल्या रीती? आमच्या मुलांत अजून आहे, याचा मला अभिमान वाटतो.

१८ फेब्रुवारी

आज शरीराचे अवयव घेतले. नाक दाखवा म्हटलं की अकरा बोटं अकरा नाकांवर. कोपर, घोटा, टाळू, सगळं बरोबर. पण हे काय म्हणून विचारलं की गप्प. घरी आल्यावर मला वाटलं, यांचे घसे तपासून घ्यावेत की काय.

२७ फेब्रुवारी

आज दहा मिनिटं आधी पोचले. जिन्यातच आवाज ऐकू आला. आत ही आरडाओरड! आणि सगळी बोलीत! शिव्या तर अशा की मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. दार उघडलं तर रंगारी जमिनीवर फतकल मारून बसलेला, भोवती सहा मुलं, मधे पत्ते. मला बघून एकदम शांतता. दातपडक्याने तर पत्ते शर्टात कोंबले.

मी रंगाऱ्याला चांगलं झापलं. शिव्या शिकवायला वर्ग काढलाय का आपण? शिव्या कुणीही शिकतं, त्याला भाषा येणं म्हणत नाहीत. तो मुकाट्याने पत्ते गोळा करायला लागला. दारातून जाताना म्हणतो, "मेट्रन, संध्याकाळच्या डावाला मला भिडू नाही. येतेस का?" एवढ्या मोठ्या मंडळात याला भिडू मिळत नाही म्हणे.

नंतर तासभर शिकवलं. मुलं अगदी चिडीचूप. बहुधा ओरडून ओरडून दमली असावीत.

९ मार्च

मी एक युक्ती केली होती. प्रत्येकाला बोलीत पाच-पाच वाक्यं बसवून दिली: माझं नाव, माझं घर, मला काय आवडतं. खात्यात फोन करून विचारलं, असं चालेल का? तपासनीस बाई स्वतःच बोलल्या. आवाज गोड, पण उत्तर तेच: "बाई, पोपट नकोत. मुलं हवीत."

पोपट! माझ्या नातीला पोपट म्हणते! पण फोन ठेवल्यावर फळ्यावरच्या त्या वाक्यांकडे बघितलं आणि वाटलं, खोटं नाही तिचं.

तीन मुलांच्या आयांनी नाव काढून घेतलं. मुलांना वर्गात पोटात दुखतं म्हणे. राहिली आठ. बरोबर आठ, एकही वर नाही.

१५ मार्च

सकाळी चहाला बसलो असताना माझा तोल गेला. नातीला म्हटलं, "बाहेरची राहू देत, तू तरी एक वाक्य बोल! घरात तरी!" ती खाली बघून मोठ्या भाषेत म्हणाली, "हो आजी." मी आणखी ओरडले.

लेकाने कप खाली ठेवला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, बोलतो कमी. पण आज बोलला.

"आई, तिच्यावर कशाला ओरडतेस? मी चार वर्षांचा होतो. तू सकाळी उठवत होतीस आणि मी बोलीत म्हटलं, मला अजून झोपायचंय. आठवतंय? जेवणाच्या वेळेपर्यंत कोपऱ्यात उभा होतो मी. त्यानंतर तुझ्याशी बोलीत एक शब्द तरी बोललोय का?"

मी म्हटलं, "त्याला वळण लावणं म्हणतात."

"हो ना," तो म्हणाला, "लागलं की वळण." आणि डबा घेऊन कामावर गेला.

सून भांडी विसळत होती. तिने मागे वळून बघितलं नाही, तेही मला झोंबलं.

१६ मार्च

आज काही नाही. डोकं दुखतंय.

१७ मार्च

डोकं दुखत नव्हतं. या वहीत तरी खोटं कशाला लिहू?

मला ती सकाळ नीट आठवते. माझी रात्रपाळी झाली होती, पाय भरून आले होते, आणि पोराने बोलीत उत्तर दिलं. गोड बोलला होता. झोपेत बोलतात तसं, अर्धवट. मी ते गोड ऐकलंच नाही. माझ्या आईने मला जसं केलं तसंच मी केलं. मग बेचाळीस वर्षं हा माझ्याशी परक्यासारखा मोठ्या भाषेत बोलत राहिला आणि मी शेजारणींना सांगत राहिले, माझा मुलगा किती नम्र आहे म्हणून. आणि आता नातीलाही मीच घडवलंय.

रडू आलं. बरंच आलं. वॉर्डात कधी रडले नाही मी.

१९ मार्च

रंगाऱ्याकडे गेले. माफी मागायची सवय नाही, म्हणून उभ्या उभ्याच बोलून टाकलं की मुलं माझ्यापुढे का बोलत नाहीत ते मला कळलंय. तो म्हणाला, "आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण तुला सांगणार कोण?"

मी विचारलं, मग आपण कसे शिकलो? आपल्यालाही तर हीच रीत होती.

"अगं, तेव्हा एका गल्लीत आपली पन्नास पोरं होती! थोरांपुढे मिठाची गुळणी, पण कोपऱ्यावर गेलं की बोलीशिवाय दुसरं काही नाही. आता एका इमारतीत एक पोर, ते कुणाशी बोलणार? आजीशी बोलायचं नाही, आणि बरोबरीचं कुणी नाही. बोली काय आपोआप मेली? आपण तिला शिस्तीत मारली."

"मग करायचं काय?" मी विचारलं. "रीत एका दिवसात मोडत नाही. माझ्याकडूनच मोडत नाही, त्या पोरांकडून काय मोडणार?"

तेव्हा त्याने खिशातून पत्ते काढले. म्हणाला, "डावाची रीत विसरलीस? पत्त्यांत थोरलं कुणी नसतं. माझ्या बापाला मी डावात काय काय म्हटलंय! डाव संपला की पाया पडायचो."

खरंच विसरले होते. लग्नानंतर पत्ते हातात घेतले नव्हते. पत्त्यांची ती रीत अजून शाबूत आहे, आणि मी पत्त्यांनाच वर्गातून हाकललं होतं. मी म्हटलं, चल, पुढच्या वर्गापासून बाकं बाहेर. तो म्हणाला, एका अटीवर, माझी भिडू तू. मी म्हटलं, बरं. अटीत काय एवढं होतं कळलं नाही, पण त्याने लगेच नवे पत्ते आणायला चप्पल घातली.

२५ मार्च

चटईवर बसले. गुडघे करकरले. पहिला अर्धा तास मुलं घाबरून खेळत होती, मीच आपली बोलीत बडबडत होते. मग मी एक पान चुकून उलटं टाकलं आणि दातपडका बोलीत म्हणाला, "ए म्हातारे, डोळे कुठे ठेवलेस?"

माझा हात उठला. खोटं नाही लिहीत, उठला. पोराने डोळे मिटून घेतले. रंगारी हळूच म्हणाला, "मेट्रन, डाव चालू आहे."

मी तो हात तसाच पत्त्यांकडे नेला आणि बोलीत म्हटलं, "डोळे तुझ्या दातांना शोधायला गेलेत."

जी हसली पोरं! जी हसली! पुढचा तासभर मला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. कान गरम झाले, रक्तदाब नक्की वाढला असणार, आणि घरी येताना जिन्यात एकटीच हसत होते.

६ एप्रिल

नाव काढून घेतलेली तिन्ही परत आली, आणखी सहा नवी आली. दोन आया कोपऱ्यात बसून नुसतं ऐकतात. सूनही येते. तिला बोली आमच्या अर्ध्या लोकांपेक्षा जास्त समजते हे मला आज कळलं. घरात बारा-तेरा वर्षं कान उघडे ठेवून वावरली असणार.

पण दोन गोष्टी खुपतात. एक म्हणजे चटईवरून उठलं की बोली बंद. जिन्यात परत "हो आजी", "नको आजी", तेही मोठ्या भाषेत. तपासनीस बाई तर परक्या, वयाने मोठ्या, वर पाहुण्या. त्यांच्यासमोर चटईवरसुद्धा तोंड उघडतील का?

दुसरं म्हणजे माझी नात. खेळते सगळ्यांत भारी, कुणाकडे कुठलं पान आहे ते पाठ असतं. पण एक अक्षर बोलत नाही. पान टाकते, हात उचलते, गप्प. बाकीची मला म्हातारी म्हणतात, चोर म्हणतात, आणि ही हातात पानं धरूनही माझी आज्ञाधारक नातच राहते.

१९ एप्रिल

उद्या. साडी इस्त्री केली. रंगाऱ्याला म्हटलं, दाढी करून ये.

२० एप्रिल

क्रमाने लिहिते.

तपासनीस बाई अकराला आल्या. बारीक, चष्मा, हातात फाइल आणि टेप. मुलं ताडकन उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी याच उभं राहण्याने मी खूश झाले होते. बाई म्हणाल्या, "बसा, तुमचं नेहमीचं चालू द्या." टेप सुरू करून खुर्चीवर बसल्या.

चटईवर मी आणि रंगारी भिडू, समोर नात आणि दातपडका. बाकीची भोवती. पत्ते वाटले. पानं पडताहेत, हात उचलले जाताहेत, पंखा फिरतोय. मी बोलीत चेष्टा केली, मुलं ओठ दाबून हसली. रंगाऱ्याने दातपडक्याला डिवचलं, त्याने बाईंकडे बघून मान खाली घातली. मी बोलीत म्हटलं, "बोला रे, रागावणार नाही मी," आणि मलाच तो आवाज वॉर्डातला वाटला. वीस मिनिटं गेली. बाई चांगल्या स्वभावाच्या असाव्यात, त्यांनाच अवघडल्यासारखं झालं. त्यांनी घड्याळ बघितलं. मग फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

काय लिहिणार ते मला ठाऊक होतं. शब्दन् शब्द ठाऊक होता.

नातीने बदामाची राणी टाकली होती. माझी पाळी. माझ्या हातात बदामाची तीन पानं होती, राजासकट, म्हणजे बदामच टाकायला हवा. मी छत्तीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे केली नाही. लहानपणीही कधी पान लपवलं नाही. आज मी हुकमाचा एक्का मारला, हात उचलला, आणि पुढची उतारी बदामाच्या राजाने केली. आंधळ्यालाही दिसेल अशी लबाडी. ठणकन पान आपटलं आणि नातीकडे बघून हसले.

आधी तिचे कान लाल झाले. मग ती उभी राहिली.

"आजी! बदाम होता तुझ्याकडे!" बोलीत! माझी नात! "होता! मग हुकूम कशाला मारलास?"

"नव्हता," मी म्हटलं. "आत्ता आला."

"आत्ता आला? पानं काय हातात उगवतात? आम्हाला सारखं नीट बस, नीट बोल, आणि स्वतः रडीचा डाव! उचल ते पान! उचल म्हणते ना!"

"थोरांशी असं बोलतात?"

"थोरांनी असं खेळायचं असतं?"

मग काय, धरणच फुटलं. दातपडका ओरडला की म्हातारी चोर आहे, त्याने मागच्या आठवड्यातच ओळखलं होतं. एक मुलगी म्हणाली, चोर नाही, दिसत नाही तिला. तिसरी म्हणाली, दिसतं चांगलं, माझ्या डब्यातलं बिस्कीट बरोबर दिसलं होतं. रंगारी माझ्या बाजूने भांडायला उठला तर चौघांनी त्याला धरलं, तूही सामील आहेस म्हणून. मी एकीकडे भांडत होते आणि एकीकडे मोजत होते, राउंडला खाटा मोजतात तशी. आठ झाली. नऊ. बारा. चौदा!

आणि मग नात तडक तपासनीस बाईंकडे गेली. फाइलवर हात ठेवला आणि बोलीतच म्हणाली, "तुम्ही बघत होतात ना? तुम्हीच सांगा, होता की नाही बदाम?"

परक्या बाईशी, पाहुणीशी, तोंडावर, बोलीत. बाई आ वासून तिच्याकडे बघत राहिल्या. सुनेने मोठ्या भाषेत अर्थ सांगितला तेव्हा म्हणाल्या, "होता. मी पण बघितला." खोलीत जल्लोष झाला. मी हरले.

जाताना बाई जिन्यात माझ्याशी बोलल्या. "मला एक शब्द कळला नाही. टेप आम्ही जाणकाराला ऐकवूच. पण हे पाठांतर नव्हतं, एवढं मला कळलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही नेहमी अशाच खेळता?"

मी म्हटलं, "आज पहिल्यांदाच." त्यांनी माझा हात घट्ट दाबला.

९ मे

पत्र आलं. तास मंजूर, दर बुधवारी, शाळेची दुसऱ्या मजल्यावरची खोली. नावं किती आली? एकतीस. त्यातली चार तर आमच्या समाजातली नाहीतच, सुनेच्या ओळखीतली. मी पत्र तीनदा मोठ्याने वाचलं. रंगाऱ्याला फोन करून चौथ्यांदा. तो म्हणाला, आता संध्याकाळी सेलिब्रेशनचा डाव. अजून त्याला दुसरा भिडू मिळालेला नाही आणि शोधत असल्याचंही दिसत नाही. म्हटलं, येते.

नात आता थांबत नाही. आंघोळीला जा म्हटलं की बोलीत वाद, पुस्तक ठेव म्हटलं की बोलीत वाद, डावात असो नसो. काल मला म्हणाली की माझ्या काही शिव्या जुन्या झाल्यात. सगळ्या गल्लीत आमच्याइतकं उद्धट घर नसेल.

जेवायला बसलो तेव्हा मी शाळेच्या नव्या खोलीचं बोलत होते. कोण कुठे बसेल, फळा कुठे, चपला बाहेर ओळीत, उशिरा येणाऱ्याला काय... लेक जेवत होता. घास खाली ठेवून तो म्हणाला, "आई, पुरे आता. बसू दे त्यांना कसंही."

बोलीत म्हणाला. अडखळला, एक शब्द तर चार वर्षांच्या मुलासारखाच म्हणाला. त्या वयानंतरचे बोलीतले शब्द कधी वापरलेच नव्हते ना त्याने. नातीने चमचा तसाच धरून ठेवला. सून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "काय म्हणालास? परत म्हण."

तो जरा घाबरला, सेहेचाळीस वर्षांचा माझा मुलगा. पण म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

"पुरे आता, आई."

मी डोळे पुसले, त्याच्या ताटात वाढलं, आणि पुरे केलं.